लिंक कशी लिहिलीय, तेही गूगल वाचतं

‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.’ कुठलीही मराठी वेबसाइट उघडा, हे वाक्य सापडायला वेळ लागत नाही. शाळाप्रवेशाची सूचना असो, पाककृती असो की नगरपालिकेची निविदा, लिंक येते ती ‘येथे’ या शब्दावर. माणसाचं काम चालून जातं, कारण आजूबाजूचा मजकूर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पण त्याच पानावर गूगलचा क्रॉलरही येतो, म्हणजे वेबवरची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम. ‘येथे’ या शब्दावरून पलीकडे काय आहे हे त्याला कळत नाही. पलीकडचं पान तुम्ही आठवडाभर खपून लिहिलेलं असलं, तरी त्याची ओळख करून द्यायची संधी तिथे गेलीच.

एसइओचा, म्हणजे शोधाच्या निकालांत आपलं पान वर आणण्याच्या खटपटीचा, विषय निघाला की चर्चा होते कीवर्डची, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांची, नाहीतर ‘बॅकलिंक किती मिळाल्या’ याची. बॅकलिंक, म्हणजे इतरांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, दुसऱ्याच्या हातात असतात. आपल्या पानावरची लिंक कशी लिहायची, तिचा पत्ता कसा असावा, ती कुठे ठेवावी, हे सगळं आपल्या हातात असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. तरीही तिकडे लक्ष जात नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी तर ते द्यायलाच हवं, कारण देवनागरीत लिंकांच्या काही अडचणी अशा आहेत, ज्या इंग्रजीतून लिहिलेल्या एसइओच्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाहीत. त्यांच्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिलंय.

लिंकेवरचे शब्द कोणाच्या खात्यात जातात?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होते. १९९८ साली त्यांनी आपल्या सर्च इंजिनाची रचना सांगणारा शोधनिबंध मांडला. त्यातली पेजरँकची कल्पना सगळ्यांना ऐकून माहीत असते: एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात आणि ती बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावर त्या पानाचं महत्त्व ठरवायचं. गावात नव्या डॉक्टरबद्दल चार जाणती माणसं चांगलं बोलली की लोकांचा विश्वास बसतो, तसंच हे.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. लिंक ज्या शब्दांवर असते, त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. त्या वेळची बहुतेक सर्च इंजिनं हे शब्द ज्या पानावर लिहिलेत त्याच पानाचे समजत. पेज आणि ब्रिन यांनी ते लिंक जिथे नेते त्या पानाच्याही खात्यात जमा केले. एखाद्या पानाचं वर्णन त्या पानापेक्षा त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांमध्ये अधिक नेमकं सापडतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. शिवाय जिथे वाचण्यासारखा मजकूरच नसतो, उदाहरणार्थ एखादं चित्र, तेही या वाटेने शोधात सापडू शकतं.

ही पद्धत किती जोरात चालायची, याचे पुरावे पुढच्या काही वर्षांत लोकांनी डोळ्यांनी पाहिले. इंग्रजीत नुसतं ‘क्लिक हिअर’ शोधलं की ॲडोबीच्या रीडरचं डाउनलोड पान अगदी वर यायचं. कारण जगभरच्या वेबसाइट ‘पीडीएफ उघडण्यासाठी रीडर हवा, इथे क्लिक करा’ असं लिहून त्या पानाकडे लिंक देत होत्या. २००३मध्ये अमेरिकेत काही जणांनी ठरवून ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे दारुण अपयश, या शब्दांवर तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या व्हाइट हाउसच्या साइटवरच्या चरित्राची लिंक द्यायला सुरुवात केली. ते शब्द गूगलवर शोधले की बुश यांचं चरित्र पहिलं येऊ लागलं, आणि त्या पानावर ते शब्द नव्हतेही. असले प्रकार निष्प्रभ करणारा बदल केल्याचं गूगलने २००७च्या जानेवारीत जाहीर केलं.

आज गूगल शेकडो खुणा एकत्र पाहतं आणि एकट्या अँकर टेक्स्टला पूर्वीचा तो जोर राहिलेला नाही. तरी पलीकडचं पान कशाबद्दल आहे हे समजून घेण्यासाठी गूगल लिंकेवरचे शब्द वाचतं, हे त्याच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत आजही लिहिलेलं आहे.

‘येथे’च्या जागी काय लिहायचं?

एक उदाहरण घेऊ. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांसाठी तुमची साइट आहे आणि सोबत काय काय न्यावं यावर तुम्ही एक पान लिहिलंय. दुसऱ्या लेखातून त्या पानाकडे लिंक द्यायची आहे. नेहमीची पद्धत अशी: ‘पावसात ट्रेकला जाताय? आमचा लेख वाचण्यासाठी येथे क्लिक करा.’ त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘घाटातल्या वाटा पावसात निसरड्या होतात, तेव्हा निघण्याआधी पावसाळी ट्रेकला न्यायच्या सामानाची यादी बघून घ्या.’ यात ‘पावसाळी ट्रेकला न्यायच्या सामानाची यादी’ एवढ्या शब्दांवर लिंक. वाक्य नेहमीसारखंच वाचलं जातं, क्लिक केल्यावर काय मिळणार ते आधीच कळतं आणि गूगललाही पलीकडच्या पानाचं नेमकं नाव मिळतं.

पारख करायची सोपी रीत आहे. पानावरचा बाकी सगळा मजकूर झाकून फक्त लिंकांचे शब्द वाचायचे. त्यावरून कुठली लिंक कुठे जाते हे सांगता आलं, तर काम झालं. ही कसोटी कल्पनेतली नाही. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, वापरतात. त्यात एनव्हीडीएची कळ आणि एफ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडते आणि त्यातून हवी ती लिंक निवडता येते. आपल्याकडच्या एखाद्या बातम्यांच्या साइटवर ती यादी उघडली की काय ऐकू येतं? ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’. क्रॉलरलाही साधारण हेच दिसतं. लिंकेचे शब्द सुधारले की या दोघांचीही सोय होते, आणि यातल्या पहिल्याची सोय हे कारण मला जास्त मोठं वाटतं.

‘हेही वाचा’च्या चौकटी मात्र तितक्या वाईट नसतात, कारण तिथे लिंक सहसा पूर्ण मथळ्यावर असते. मथळा नेमका असेल तर लिंकही नेमकी. ‘हे कळल्यावर तुम्हीही थक्क व्हाल’ असा मथळा असेल, तर माणूस आणि यंत्र दोघांच्याही हाती काही लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक शंका येते. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागतो, शब्दाचं रूप बदलतं. ‘पुणे’ शोधात यायला हवं असेल तर ‘पुण्यातल्या’ या शब्दावर दिलेली लिंक चालेल का? चालेल. वाक्यात जे रूप येतं त्यावरच लिंक द्यावी, आणि प्रत्ययासकट पूर्ण शब्दावर द्यावी. अर्धा शब्द निळा आणि अर्धा काळा, असं केलं की वाचताना डोळा अडखळतो आणि जोडाक्षराच्या मध्येच टॅग, म्हणजे लिंकेची कोडमधली खूण, आला तर काही ठिकाणी अक्षरच तुटून दिसतं. कीवर्डच्या धास्तीने ‘पुणे मिसळ उत्तम ठिकाण यादी’ अशी बिनप्रत्ययाची, बिनक्रियापदाची वाक्यं लिहिणं तर सोडूनच द्या. प्रत्येक लिंकेवर तेच ते शब्द ठोकून बसवलेले दिसले, की ती लिंक वाचकासाठी दिलेली नाही अशी शंका गूगलला येते. त्यामुळे मराठीत प्रत्ययांमुळे जी विविधता आपोआप येते, ती आपल्या पथ्यावरच पडते.

लिंक अख्ख्या परिच्छेदावर देऊ नये, दोनतीन लिंका एकमेकींना चिकटवून देऊ नयेत. आणि लिंक चित्रावर असेल, तर त्या चित्राचा ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे कोडमधले शब्द, हाच तिचा अँकर टेक्स्ट. आपल्याकडे ‘दिवाळी फराळ’ असं सुरेख अक्षरांत लिहिलेलं चित्र करून त्यावर लिंक द्यायची फार आवड. चित्रातली अक्षरं माणसाला दिसतात, पण ऑल्ट रिकामा असेल तर लिंक मुकीच राहते.

देवनागरी पत्त्यांचा घोळ

आता लिंकेचा दुसरा भाग, म्हणजे पत्ता, अर्थात यूआरएल. पत्त्याचा डोमेननंतरचा, म्हणजे साइटच्या नावानंतरचा, जो भाग त्या लेखाची ओळख सांगतो, त्याला स्लग म्हणतात. ब्राउझरच्या पट्टीत तो ‘पुरणपोळी’ असा देवनागरीत दिसतो खरा. पण इंटरनेटवर पत्ता पाठवताना फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. म्हणून देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात बदलावं लागतं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे ‘म’ हे एक अक्षर ‘%ई०%ए४%एई’ असं नऊ अक्षरी होतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडणारं हलन्त ही सगळी यंत्राच्या हिशेबात वेगवेगळी चिन्हं आहेत. ‘पुरणपोळी’त अशी आठ चिन्हं आहेत, त्यांची झाली बहात्तर अक्षरं. हाच शब्द रोमन लिपीत नऊ अक्षरांत मावतो.

गूगलला याचं काही वाटत नाही. तो हे सांकेतिक रूप सहज उलगडतो आणि पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द असावेत असंच त्याचं सांगणं आहे. ‘देवनागरी पत्ता केला की रँकिंग पडतं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अडचण दुसरीकडे आहे.

वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मराठी साइट पुष्कळ आहेत. वर्डप्रेस स्लगसाठी डेटाबेसमध्ये दोनशे अक्षरांची जागा ठेवतं, आणि ती मोजतं सांकेतिक रूपात. नवाने भागलं की देवनागरीच्या वाट्याला येतात जेमतेम बावीस चिन्हं. आता ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उड्डाणपुलाचं लोकार्पण’ हा मथळा घ्या. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ या एकाच शब्दात अठरा चिन्हं आहेत, म्हणजे एकशे बासष्ट अक्षरं. मधली आडवी रेघ एक. ‘हस्ते’मधलं ‘हस्त’ बसतं, एकूण एकशे नव्व्याण्णव होतात आणि जागा संपते. स्लग तयार होतो ‘मुख्यमंत्र्यांच्या-हस्त’. उड्डाणपूल नाही, लोकार्पण नाही, मात्रासुद्धा कापली गेली. पुढच्या महिन्यात ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते रुग्णालयाचं भूमिपूजन’ अशी बातमी आली, की तोच तुकडा पुन्हा तयार होतो आणि वर्डप्रेस शेवटी २ हा आकडा चिकटवून वेळ मारून नेतं. वर्षभरात अशा पत्त्यांची रांग लागते आणि कुठला पत्ता कुठल्या बातमीचा हे संपादकालाही सांगता येत नाही.

दुसरी अडचण वाचकाची. बहुतेक ब्राउझरांतून देवनागरी पत्ता कॉपी केला की सांकेतिक रूपच कॉपी होतं. व्हॉट्सॲपच्या गटात कोणी लेख पाठवला, तर टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेल्या तीनचार ओळी दिसतात. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस अशा लिंकेवर बोट ठेवायला कचरतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ॲ’ हे एकच चिन्ह वापरून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण आतली चिन्हं वेगळी, त्यामुळे सांकेतिक पत्तेही वेगळे. ‘किनाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतल्या ऱ्यचंही तसंच. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. एका सहकाऱ्याने एका पद्धतीने स्लग लिहिला आणि दुसऱ्याने लिंक देताना तोच पत्ता हाताने दुसऱ्या कळफलकावर टाइप केला, तर लिंक तुटू शकते आणि कितीही निरखून पाहिलं तरी कारण सापडत नाही. म्हणून देवनागरी पत्ता कधीही हाताने टाइप करू नका, नेहमी कॉपी करूनच चिकटवा.

मग करायचं काय? माझं मत असं: मथळ्यावरून आपोआप तयार होणारा स्लग कधीच तसाच ठेवू नका. प्रकाशित करण्याआधी तो स्वतः लिहा, दोनतीन शब्दांत. देवनागरी ठेवायचा असेल तर ‘उड्डाणपूल-लोकार्पण’ एवढाच ठेवा, तो आरामात बसतो. रोमन ठेवायचा असेल तर सगळीकडे रोमन ठेवा. मी स्वतः बातम्यांच्या साइटला रोमन सुचवतो, कारण त्यांचे लेख सर्वात जास्त फॉरवर्ड होतात. पाककृती, स्तोत्रं, व्याकरण अशा टिकाऊ मजकुराच्या साइटवर छोटे देवनागरी पत्ते छान शोभतात. क्रमवारीपुरतं म्हणाल तर पत्त्यातल्या शब्दांना फार कमी वजन असतं, आणि २०२५च्या जानेवारीपासून मोबाइलवरच्या निकालांत गूगल पूर्ण पत्त्याऐवजी फक्त डोमेन दाखवू लागलं आहे. तेव्हा लिपीच्या निवडीवर रात्र जागवू नका. तो पत्ता पुढे दहा वर्षं न बदलता टिकेल ना, एवढं पाहा.

शब्दांमध्ये आडवी रेघ द्यावी, अधोरेघ नको, असं गूगल सुचवतं. पण विकिपीडिया वर्षानुवर्षं अधोरेघच वापरतो आणि निकालांत तो कुठे असतो ते आपण रोज पाहतो. नव्या साइटला आडवी रेघ वापरा. जुन्या साइटवर अधोरेघ असेल तर केवळ तेवढ्यासाठी पत्ते बदलू नका.

जी लिंक दिसते, ती लिंक असतेच असं नाही

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबची पानं ज्या कोडमध्ये लिहितात त्यात, लिंकेसाठी ‘ए’ नावाचा टॅग आहे आणि त्यात ‘एचरेफ’ या जागी पत्ता लिहितात. एवढं असेल तरच गूगल ती लिंक खात्रीने ओळखतो. साध्या मजकुराला किंवा बटणाला जावास्क्रिप्ट जोडून ‘क्लिक केलं की पान बदल’ असं केलं, तर माणसाला ती लिंकच वाटते, पण क्रॉलर बटणं दाबत बसत नाही. ‘आणखी दाखवा’ हे बटण दाबल्यावरच जे लेख उघडतात, त्यांच्याकडे दुसरीकडून कुठूनच लिंक नसेल तर ते त्याच्या नजरेला पडायचं अवघड. वर्डप्रेस किंवा ब्लॉगर वापरणाऱ्यांनी याची चिंता करू नये. साइट कोणाकडून खास बनवून घेतली असेल, तर मात्र त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

लिंकेचा रंग, आकार, जागा यांनी फरक पडतो का? २०१०मध्ये गूगलला मिळालेल्या एका पेटंटात याबद्दल रंजक मांडणी आहे. मूळच्या पेजरँकमध्ये पानावरच्या सगळ्या लिंका सारख्याच धरल्या होत्या, जणू वाचक डोळे मिटून कुठलीही एक दाबतो. पेटंटात मांडलेला वाचक शहाणा आहे. मजकुराच्या मधोमध, ठळक दिसणारी, विषयाला धरून असलेली लिंक तो दाबण्याची शक्यता जास्त, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘अटी व शर्ती’ लिहिलेली लिंक दाबण्याची शक्यता कमी. अक्षरांचा आकार, रंग, पानावरची जागा, आजूबाजूचे शब्द अशा गोष्टींवरून लिंकेला कमीजास्त वजन देता येईल, असं त्यात म्हटलंय. पेटंटात लिहिलेलं सगळं वापरात असतंच असं मुळीच नाही. पण विचारांची दिशा त्यातून कळते आणि ती वाचकाच्या हिताचीही आहे. महत्त्वाची लिंक मजकुरातच द्यावी, जिथे तिची गरज पडते तिथे.

लिंक निळी आणि अधोरेखित असावी हा जुना संकेत मोडायला हरकत नाही, पण ती लिंक आहे हे दिसलं पाहिजे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, शून्य आकारात किंवा वाक्यातल्या एखाद्या रेघेवर लपवलेल्या लिंका गूगलच्या नियमांत सरळ स्पॅम ठरतात. लिंक नव्या टॅबमध्ये उघडते की त्याच टॅबमध्ये, याचा क्रमवारीशी काही संबंध नाही.

नोफॉलो, जाहिराती आणि विकतच्या लिंका

लिंक म्हणजे शिफारस, हे एकदा सगळ्यांना कळल्यावर लोकांनी दिसेल तिथे आपल्या साइटच्या लिंका टाकायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणून २००५च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ आणलं. लिंकेच्या टॅगमध्ये हा शब्द घातला की ‘ही माझी शिफारस धरू नका’ असा निरोप जातो. इंग्रजी विकिपीडियाने २००७च्या जानेवारीत लेखांतल्या बाहेर जाणाऱ्या लिंकांना तो लावला. २०१९च्या सप्टेंबरमध्ये गूगलने आणखी दोन शब्द दिले: पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकेसाठी ‘यूजीसी’. तेव्हापासून गूगल हे शब्द आदेश म्हणून पाळत नाही, नुसता इशारा समजतो.

काही जण आपल्याच साइटवरच्या ‘संपर्क’, ‘आमच्याविषयी’ अशा लिंकांना नोफॉलो लावतात. तिथलं वजन वाचवून महत्त्वाच्या पानांकडे वळवायचं, अशी त्यामागची समजूत. ते वजन दुसरीकडे वळत नाही, नुसतं वाया जातं, हे गूगलच्या मॅट कट्स यांनी २००९मध्येच सांगितलं होतं. तरी ही युक्ती अजून शिकवली जाते.

विकतच्या लिंकांचं काय होतं हे जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिलं. २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की कपड्यांपासून फर्निचरपर्यंत अनेक शोधांत ही कंपनी पहिली येत होती आणि त्यामागे होत्या तिच्याशी काही संबंध नसलेल्या असंख्य साइटवर पेरलेल्या लिंका, नेमके हवे ते शब्द घालून. गूगलने कारवाई केल्यावर ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ या शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर गेली. त्या लिंकांशी आपला संबंध नाही असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसइओ सल्लागार कंपनीला काढून टाकलं. पुढच्याच वर्षी, २०१२च्या एप्रिलमध्ये, गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत अशा बनावट लिंकांवर नेम धरणारा ‘पेंग्विन’ हा बदल आणला. मराठी साइट चालवणाऱ्यांना आजही ‘तुमच्या लेखात आमची लिंक घाला, इतके पैसे देतो’ अशा ईमेल येतात. पैसे घेऊन लिंक दिलीत तर तिला स्पॉन्सर्ड लावा आणि वाचकालाही तसं सांगा. समोरचा म्हणाला की ‘स्पॉन्सर्ड नको’, तर त्याला काय हवंय ते उघड आहे. नाही म्हणा.

एकाच पानाचे चार पत्ते

डोमेनच्या आधी तीन डब्ल्यू लावून आणि न लावता, शेवटी तिरपी रेघ देऊन आणि न देता, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस: आपल्याला हे एकच पान वाटतं, पण यंत्रासाठी हे वेगवेगळे पत्ते असतात. फेसबुकवरून येणारा वाचक पत्त्याला आणखी एक लांब शेपूट लावून येतो. गूगल त्यातून एक पत्ता मुख्य म्हणून निवडतो, पण निवड त्याच्यावर सोडू नये. साइटवर एकच रूप ठरवा, आतल्या सगळ्या लिंका त्याच रूपात द्या, बाकीची रूपं ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे ‘हा पत्ता कायमचा बदलला’ असं सांगून, तिकडे वळवा आणि पानात मुख्य पत्ता कोणता ते सांगणारा कॅनॉनिकल टॅग असू द्या. बहुतेक वर्डप्रेस साइटवर यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं, फक्त एकदा तपासून घ्यायचं.

आतल्या लिंका

आपल्या एका पानावरून आपल्याच दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या लिंका, माझ्या मते, छोट्या साइटसाठी सगळ्यात मोलाच्या. मराठी साइटवर पाचसहा वर्षांपूर्वीचे उत्तमोत्तम लेख पडून असतात. मुखपृष्ठावरून खाली सरकत सरकत ते सतराव्या पानावर गेलेले असतात आणि दुसऱ्या कुठल्याच लेखातून त्यांच्याकडे वाट नसते. गणेशोत्सवात दरवर्षी उकडीच्या मोदकांवर नवा लेख लिहिला जातो आणि जुना, जास्त चांगला, तसाच राहतो. त्यापेक्षा जुन्याच लेखात भर घालावी. तांदळाच्या पिठीवर लिहिलं की तिथून ‘उकडीच्या मोदकांची पारी’ या शब्दांवर त्याची लिंक द्यावी, नारळाच्या चवाबद्दल लिहिलं की तिथूनही द्यावी.

हे कसं करतात ते पाहायचं असेल तर मराठी विकिपीडियावरचा एखादा चांगला लेख उघडा. तिथे ‘अधिक वाचा’ नसतं. वाक्य चाललेलं असतं, त्यात एखाद्या गडाचं, नदीचं, माणसाचं नाव येतं आणि तेच नाव लिंक असतं. वाक्यात ‘पुण्याच्या’ असं रूप आलं तरी लिंक बरोबर ‘पुणे’ लेखावर जाते. एका नावाची दोनतीन रूपं प्रचलित असतील, तर बाकीची रूपं मुख्य लेखाकडे वळवलेली असतात.

आपली साइट कुठे आहे हे पाहण्यासाठी गूगलचं सर्च कन्सोल फुकट मिळतं. त्यातल्या ‘लिंक’ विभागात तीन याद्या बघा. बाहेरचे लोक कोणत्या शब्दांवर तुमची लिंक देतात ती एक. बाहेरून सर्वाधिक लिंका कोणत्या पानांना आहेत ती दुसरी. आतून सर्वाधिक लिंका कोणत्या पानांना आहेत ती तिसरी. तुमचे सर्वात चांगले लेख तिसऱ्या यादीत कुठे आहेत ते शोधा. तळाशी असतील किंवा नसतीलच, तर तिथूनच कामाला लागा. रोज एका जुन्या लेखातलं एक ‘येथे’ काढून त्या जागी नेमके शब्द लिहिले, तरी काही महिन्यांत साइटचं रूप बदलतं.

हे करताना जुने लांबलचक देवनागरी पत्ते आखूड करायचा मोह होईल. ज्या लेखांकडे बाहेरून लिंका येतात, त्यांचे पत्ते तसेच राहू द्या, ते कितीही कुरूप असोत. एखादा बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ लावा, आतल्या सगळ्या लिंका थेट नव्या पत्त्याकडे वळवा आणि रिडायरेक्ट काढून टाकायची घाई करू नका. तो किमान वर्षभर ठेवावा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, साइट चालू आहे तोवर ठेवा. व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात तुमचा जुना पत्ता अजून फिरत असतो.